सीताफळाला बांधलेल्या पट्ट्या

सुमन,

तुझी तेरवी झाली त्या दिवशी, पंगती उठून सगळी माणसं पांगल्यावर नानांनी मला आत बोलावलं. तुझे वडील तसे कोणाकडं काही मागणारे नाहीत, तुला माहीतच आहे. खाटेवर बसले होते, पायात वहाणा तशाच. म्हणाले, "विमल, तिचा आवाज आयकव ना मले एकडाव."

मी म्हटलं, "हो नाना, उद्याच आणते." इतक्या सहज म्हटलं बघ! वाटलं, त्यात काय मोठंसं? कॉलेजात, आपल्या पदार्थविज्ञानाच्या खोलीत, कपाटभर टेपची रिळं पडली आहेत. जिल्ह्यातल्या बायाबायांचे आवाज तू आणि मी मिळून गोळा केले. जिच्या कपाटात एवढे आवाज, तिचा स्वतःचा पहिल्याच रिळात सापडेल.

नाही सापडला वं. कुठंच नाही.

तुझ्या आजारपणाचं मी काही लिहिणार नाही. ज्याला त्याला तेच सांगून माझं तोंड दुखलं. "एवढीशी कावीळ आणि एवढी धडधाकट पोरगी!" असं जो तो म्हणतो आणि माझ्याकडं पाहतो, जसं काही मला उत्तर ठाऊक आहे. मला तुझ्याशी भांडायचं आहे. आपलं भांडण अर्धवट टाकून तू गेलीस, आणि भांडण अर्धवट टाकणारी माणसं मला मुळीच आवडत नाहीत.

आपलं काम काय, हे गावोगाव सांगताना किती त्रेधा उडायची! "बाई, तुम्ही रेडिओवाल्या का?" नाही. "मग कुटुंबनियोजनवाल्या?" नाही हो माय. मग तू पदर खोचून समजावायचीस, की नुसत्या आवाजावरून माणूस ओळखता येतो का, हे यंत्राला विचारून पाहायचं आहे. एखादी म्हातारी म्हणायची, "त्याले यंत्र कायले पायजे? मी आंधारात सुनेले ओळखते." तू हसून म्हणायचीस, "आजी, तुमची सून तुम्हाले ठाऊक आहे. यंत्राले कोणाचीच सून ठाऊक नाही." मग ती म्हातारी विचारात पडायची आणि आपल्याला बसायला गोणपाट टाकायची.

यंत्र मुंबईला, आपल्या अभ्यासाचे मार्गदर्शक सर, त्यांच्याकडे. आवाज त्यात घातला की ते कागदावर काळ्या-करड्या पट्ट्यांचं चित्र काढून द्यायचं. आपण इथं रिळं भरायची, एस.टी.नं मलकापूर गाठायचं, तिथून रेल्वे. पहिल्यांदा गेलो तेव्हा सरांच्या खोलीतली दोन पोरं आपल्या बोलण्याला हसली होती. मी नुसतं म्हटलं होतं, "गाडी उशिरा येऊन राह्यली होती." मला मेल्यासारखं झालं. तू मात्र यंत्राच्या डोक्यावर हात ठेवून म्हणालीस, "याले नाई कळत कोनतं शुद्ध अन् कोनतं अशुद्ध. म्हून मले हेच आवडते." मुद्दाम ठसक्यात, वऱ्हाडीत. सरसुद्धा हसले. मी त्या दिवशी तुझ्यावर जीव टाकला, पण तसं बोलून कुठं दाखवतो आपण? मी म्हटलं, "चल आता, चहा पाज."

आणि ते सरांचं वाक्य! सगळ्या बायकांनी एकच वाक्य म्हणायचं, म्हणजे तुलना होते. सर म्हणाले, बोलताना माणूस तोंड हवं तसं वाकडं करेल, नाक कुठं वाकडं करणार? म्हणून वाक्यात नाकातनं येणारी अक्षरं ठासून भरली. "नारायण मामा मळ्यातून लिंबं आणणार ना?" मुंबईत बसून वाक्य छान झालं. आपल्यालाही छानच वाटलं, आपण दोघी इथल्याच असून! आपली दोघींची लग्नं झालेली नाहीत, म्हणूनच डोक्यात आलं नसावं, असं तू नंतर म्हणालीस.

दुसरबीडला माझ्या मावशीच्या ओसरीत पहिला दिवस. कौसल्या नावाची शेजारीण नवं लुगडं नेसून, कुंकू ठसठशीत लावून टेपसमोर बसली, फोटो काढायला बसावं तशी. तू वाक्य सांगितलंस. ती पदर सारखा करत बसली. पुन्हा सांगितलंस. ती खाली मान घालून म्हणाली, "ते नाव मी कसं घेऊ वं बाई?"

"अहो, हे तुमचे मालक नाहीत. हे मामा आहेत, मामा!"

"मामा असू दे नाहीतर काका. नाव तर तेच हाय!"

ओसरीभर बाया खिदळायला लागल्या. तिची सासू कोपऱ्यातून म्हणाली, "मंग उखाण्यात घे, त्याले काय होते?" आणि कौसल्येनं टेपकडं तोंड करून घेतला:

"तुरीच्या शेंगेत टपोरा दाणा,
नारायणरावांचं नाव घेते, आता मशीन बंद करा ना!"

तू इतकी हसलीस, इतकी हसलीस, की तुझा चष्मा मांडीवर पडला. मावशीनं तुला पाणी आणून दिलं. पण बुलढाण्याला परत आल्यावर तो तुकडा तू पुसून टाकलास. मी म्हटलं, "ठेव की, कोणाचं काय जातं?" तर म्हणालीस, "विमल, हा नमुना नाही. अभ्यास आहे का गोंधळ?" तिथंही तुझं हसणं होतं, सुमे. पुसलंस ना.

पुढं तू शहाणी झालीस. दारातच विचारायचीस, "तुमच्या मालकांचं नाव काय?" आता ते तरी ती बाई कशी सांगणार! मग शेजारणीला बोलवा, तिनं सांगायचं, मग सासऱ्याचं, दिराचं, सगळी वंशावळ. ज्या घरात नारायण निघाला ते घर सोडून पुढं. "या जिल्ह्यानं नारायणाचा नवस केला होता काय वं?" असं तू एस.टी. स्टँडवर कपाळाला हात लावून म्हणाली होतीस. फक्त पिंपळगाव राजाच्या शिलाईकाम करणाऱ्या खातूनबींनी काही अडचण केली नाही. एका दमात वाक्य म्हटलं आणि विचारलं, "लिंबं आणली का मग मामानं?"

आता भांडणाचं मूळ. बहुतेक बायांना वाचता येत नव्हतं. म्हणून आधी तू वाक्य म्हणायचीस, मागून त्या. आणि तुझी ती वाक्याच्या शेवटचं "ना" म्हणायची तऱ्हा! खाली दाबायचीस, जरा थांबायचीस, मग वर आणायचीस, विहिरीतली भरली बादली शेवटच्या हाताला वर यावी तशी. तुला स्वतःला ते कधी ऐकू आलं नाही. मला पहिल्या दिवसापासून ऐकू आलं. कॉलेजात तू शिकवायला लागलीस की भिंतीपलीकडून बाकी काही कळायचं नाही, तेवढं "ना" मात्र कळायचं.

रविवारी दुपारी तुमच्या ओसरीत तू पालथी मांडी घालून बसायचीस, हातात ब्लेड, शेजारी चिकटपट्टी. टेपमधून तुझा आवाज तिरपा कापून बाजूला, पुढचा बाईचा आवाज मागच्याला चिकटवायचा. मी म्हणायची, "इतकं कशाला कापतेस? राहू दे की मध्ये." तर तुझं ठरलेलं, "आवाज तिचा पाहिजे. मी तिथं पाहुणी. पाहुणीनं चहा घ्यावा अन् निघावं." कापलेल्या तपकिरी पट्ट्या ओसरीभर पडायच्या. नाना त्या गोळा करायचे. "लय चकाकते हे. पाखरं भेतीन," म्हणायचे आणि अंगणातल्या सीताफळाला नेऊन बांधायचे. पोपट तरीही यायचे. नाना तरीही बांधायचे.

मग मुंबईहून चित्रं आली. वेगवेगळ्या गावच्या, वेगवेगळ्या वयाच्या बाया. खामगावकडची वेगळी बोलते, दुसरबीडकडची तिकडच्या जालन्याच्या वळणानं बोलते. आणि सगळ्यांच्या चित्रात शेवटी तोच बाक, खाली जाऊन वर आलेला. सर खुश. म्हणाले, ही तुमच्या भागाची लकब दिसते, वेगळा लेख होईल. मी चित्रं खाटेवर पसरून पाहत राहिले.

"सुमन, ही भागाची लकब नाही. ही तुझी आहे."

"काय माझी?"

"अगं, तू सांगतेस तशा त्या म्हणतात. त्यांनी तुझा 'ना' उचललाय."

तू कसं पाहिलंस माझ्याकडं! "म्हणजे माझा सगळा अभ्यास माझ्याच आवाजाचा आहे, असं म्हणायचंय तुला?"

"मी तसं म्हटलं का?"

"म्हटलंस. तेच म्हटलंस."

मग जे जुंपलं ते जुंपलं. तुझं म्हणणं एकच, आवाज ज्याचा त्याचा. "अंगठा कोणाचा उसना घेता येतो का? तसाच गळा. वरचं वरचं कोणी कोणाचं घेईल, आतलं नाही." माझं म्हणणं, "अंगठा कोणाचं ऐकत नाही बाई. गळा ऐकतो. सासरी नांदून नांदून सून सासूसारखी बोलायला लागते, पाहिलं नाहीस का?" तू म्हणालीस, "ते तुला तसं वाटतं, कारण तुझे कान कच्चे आहेत." कच्चे म्हणालीस, सुमन! मी चपला घालून निघाले. नाना अंगणातून म्हणाले, "काऊन वं, जेवून तर जाय." मी थांबले नाही.

पुढं बोलणं सुरू झालं, पण ते नुसतं चहा-साखरेचं. शेवटी कॉलेजच्या जिन्यात मीच म्हटलं, दिवाळीनंतर नव्यानं फिरू. तू वाक्य सांगायचं नाहीस. एका बाईनं दुसरीला सांगावं, दुसरीनं तिसरीला, तू लांब बसायचं. मग पाहू बाक येतो का. आला तर मी हरले, नाही आला तर तू. तू जिन्याच्या कठड्याला टेकून म्हणालीस, "पाहू." तुझे डोळे तेव्हाच पिवळे दिसत होते. मला वाटलं, जागरण.

तर नानांना शब्द देऊन मी दुसऱ्या दिवशी कपाट उघडलं. एकेक रीळ लावत गेले. कौसल्येची मैत्रीण, खातूनबी, माझी मावशी, कोण कोण. सगळ्या नारायण मामाच्या लिंबांची वाट पाहत बसलेल्या. प्रत्येकीच्या आधी तू बोलली असणार. प्रत्येक ठिकाणी तू नव्हतीस. किती नेटकं कापलंस गं! सांधा ऐकूसुद्धा येत नाही. इतकं चांगलं काम करायला तुला कोणी सांगितलं होतं? एरवी घरी भाजी चिरताना बोट कापून घेणारी तू.

मला तुझा राग आला. खोलीत कोणी नव्हतं म्हणून मोठ्यानं म्हटलं, "मूर्ख आहेस तू." एवढ्या बायांना जागा दिलीस आणि स्वतःला एक ओळ ठेवता आली नाही. मग रडले. कितीतरी वेळ रडले. शिपाई दारात येऊन परत गेला.

मग मला सीताफळ आठवलं.

मी तशीच तुमच्या घरी गेले. नाना म्हणाले, "काय वं, काय शोधून राह्यली झाडात?" मी पट्ट्या सोडत होते. सांगावं की नाही, कळेना. पण त्यांच्यापासून काय लपवायचं? सांगितलं, की नाना, ह्या पट्ट्यांत तिचा आवाज होता. ती कापून टाकायची तो तिचाच.

नानांचा हात फांदीवर होता तो तिथंच राहिला. "म्हंजे तिचाच आवाज म्या पाखरं हाकलाले बांधला काय वं?"

"तुम्हाला कुठं माहीत होतं नाना!"

"जलमभर कोर्टात लोकायची नावं पुकारली म्या. अन् माह्या पोरीचा आवाज झाडाले टांगला." असं म्हणून ते तिथंच अंगणात खाली बसले. कोर्टाच्या आवारात ज्यांच्या पुकाऱ्यानं झाडाखाली डुलक्या घेणारे पक्षकार ताडकन उठायचे, त्या माणसाचं हे बोलणं मला वाकून ऐकावं लागलं. दोघांनी मिळून पट्ट्या सोडल्या. त्यांच्या गाठी पक्क्या, माझी नखं दुखली. काही पट्ट्या पावसानं कुजल्या होत्या, काही उन्हानं कडक झाल्या होत्या. त्यातल्या जरा बऱ्या मी पुसल्या, एकीला एक चिकटवली, तू शिकवलंस तसं तिरपं कापून. बोटाला तपकिरी भुकटी लागत होती.

ओसरीतला तुझा टेप लावला. नाना टेपला कान देऊन बसले. खरखर. नुसती खरखर. एका ठिकाणी काहीतरी हललं असं वाटलं, नाना म्हणाले, "हे काय?" मी पुन्हा लावलं, ती जागा त्या लावण्यातच झडून गेली. मी रीळ थांबवलं. आता सांगणं भाग होतं.

"नाना, सगळं पाहिलं मी. आता काहीच उरलं नाही ना."

नानांनी मान वर केली.

"आता कोन बोललं?"

"मीच की नाना. विमल."

"हाव, तू." ते माझ्या तोंडाकडं पाहत राहिले. "पन ते शेवटाले खाली नेऊन वर आनलं ना, ते तिचं होतं. तसंच म्हनायची ती."

सुमन! इतकी वर्षं तुझ्या शेजारी बसून, तुझ्याशी भांडून, तुझं बोलणं ऐकून, ते माझ्यात कधी शिरलं, मला पत्ता नाही. भिंतीपलीकडून ऐकू येणारं तुझं "ना" मी हसण्यावारी नेत होते आणि तेच माझ्या तोंडात येऊन बसलं होतं.

"पुन्हा म्हन ना," नाना म्हणाले.

मी म्हटलं. नानांनी मान हलवली. "नाई. आता तू विमल झाली."

पुन्हा प्रयत्न केला. तुझी नक्कल केली, बादली ओढावी तशी ओढून पाहिली. ती नक्कलच झाली. नानांचा चेहरा पडला आणि मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. म्हटलं, जाऊ दे नाना, नाही जमत. ते म्हणाले, "जाऊ नोको. बस. काई बी बोल. ते आपोआप येते का पाहू."

काय बोलावं? तुझ्याबद्दल दुसरं काही सुचेना. मग मी त्यांना आपलं भांडणच सांगायला लागले. वाक्य कसं, चित्रं कशी, तो बाक कसा. माझी बाजू सांगितली. ते ऐकत होते, हं हं करत होते, पण डोळे उघडे होते. मग म्हटलं, तुझी बाजूही सांगितली पाहिजे, नाहीतर तू वरून शिव्या घालशील. आणि सांगायला लागले. की नाना, ती म्हणायची आवाज ज्याचा त्याचा. देवानं अंगठा दिला तसा गळा दिला. कोणी कितीही वरचं वरचं घेतलं, तरी आतलं माणूस तेच राहतं, ते दुसऱ्याला देता येत नाही, घेता येत नाही, मग यंत्राला ते सापडायलाच पाहिजे ना? बोलता बोलता मी तापले, खाटेच्या कडेवर हात आपटला, विमलचे कान कच्चे आहेत असंसुद्धा म्हणून गेले. मी तुझी बाजू मांडतेय हे विसरले. मी मांडतेय हेही विसरले.

थांबले तेव्हा नानांनी डोळे मिटले होते. दोन्ही गालांवरून पाणी चाललं होतं आणि ते पुसत नव्हते.

"बरोबर आहे," ते म्हणाले. "पोरगी खरं बोलून राह्यली."

कोणती पोरगी, ते मी विचारलं नाही.